पुलाकडचे द्यूपाँ

१७८९च्या मे महिन्यात व्हर्सायला फ्रान्सची तीन वर्गांची सभा भरली. १६१४नंतर ती पहिल्यांदाच भरत होती. देशभरातून हजाराहून अधिक प्रतिनिधी आले होते, आणि त्यांत द्यूपाँ आडनावाचे दोघे निघाले. एक पिरेनीजच्या पायथ्याच्या बिगॉर प्रांतातला, दुसरा पॅरिसच्या दक्षिणेकडच्या नमूर भागातून निवडून आलेला. कामकाजाच्या नोंदीत नुसते ‘द्यूपाँ’ लिहून भागेना. कोण काय बोलले आणि कुणी कुठे मत दिले, याचा घोळ टाळायचा तर आडनावाला मतदारसंघ जोडणे भाग होते. नमूरवाला म्हणून ‘द्यूपाँ द नमूर’ झाला.

सोयीसाठी लावलेले हे शेपूट पुढे गळून पडायला हवे होते, पण तसे झाले नाही. ते अटलांटिक ओलांडून गेले, बंदुकीच्या दारूच्या कारखान्यावर चढले, एका बड्या रसायन कंपनीच्या नावात बसले, आणि दोनशे वर्षांनी त्याच कंपनीविरुद्ध गोव्यातल्या एका पठारावर आंदोलन पेटले. एका अगदी साध्या आडनावाचा हा प्रवास समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागेल.

अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत फ्रान्समधल्या सामान्य माणसाला बाप्तिस्म्याचे एकच नाव पुरत असे. मग लोकवस्ती वाढली, शहरे फुगली, आणि लोक तर मोजक्याच संतांची नावे मुलांना ठेवत होते. एका गल्लीत चार ज्याँ आणि तीन पिएर झाल्यावर शेजाऱ्यांनी आपापली सोय लावली. लोहाराला लफेव्र म्हणू लागले, गिरणीवाल्याला मनिए. उंच असेल तो लग्राँ, ठेंगणा तो पती, तांबड्या केसांचा तो लरू. कुणाला बापाचेच नाव चिकटले. फ्रान्समध्ये आज सर्वांत जास्त आढळणारे मार्तँ हे आडनाव असेच आलेले. उरलेल्यांना राहण्याच्या जागेने ओळखले जाऊ लागले: रानाकडचा द्यूबुआ, विहिरीजवळचा द्यूपुई, पुलाकडचा द्यूपाँ.

आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लागतो तो बहुधा माणसाने गाव सोडल्यावर. पुणे सोडून नागपुरात गेलेलाच पुणेकर ठरतो. द्यूपाँ होण्यासाठी मात्र गाव सोडायची गरज नव्हती, घर पुलाजवळ असले की झाले. फ्रान्समध्ये नद्या पुष्कळ आणि पूलही पुष्कळ. त्यामुळे जागोजाग एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली द्यूपाँ घराणी उगवली. आडनाव इतके सर्रास झाले की फ्रेंच माणसाला चारचौघांसारखा कुणीतरी सुचवायचा असला की तो अजूनही ‘मस्यू द्यूपाँ’ म्हणतो.

ही टोपणनावे पिढीजात झाली ती हळूहळू, कुणाच्याही हुकुमाशिवाय. त्यांना कागदावर पक्के केले ते मात्र राजाने. १५३९मध्ये पहिल्या फ्रान्स्वाने व्हिलेर-कोत्रे इथून फर्मान काढले आणि प्रत्येक चर्चच्या पाद्र्याने बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवावी असे ठरवले. १५७९च्या फर्मानाने विवाह आणि दफन यांच्याही नोंदी आल्या, आणि १६६७पासून वह्या दोन प्रतींत लिहाव्या लागल्या. राजाला हवा होता तो वयाचा आणि वारसाचा पुरावा. त्याच्या जोडीने एक गोष्ट आपोआप झाली: बापाच्या नोंदीतले नाव मुलाच्या नोंदीत उतरू लागले. वर्णलेखन मात्र पाद्र्याच्या कानावर अवलंबून होते. द्यूपाँमधले शेवटचे अक्षर बोलण्यात उच्चारलेच जात नसल्याने कुणी ते ‘त’ लिहिले, कुणी ‘द’. कुणी एक शब्द केला, कुणी दोन.

नोंदवही चर्चची असल्याने चर्चबाहेरच्यांची पंचाईत होती, आणि आपले द्यूपाँ त्या बाहेरच्यांपैकीच होते. हे घराणे मूळचे नॉर्मंडीतल्या रूआँ शहराचे आणि ह्यूगनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट. १६८५मध्ये चौदाव्या लुईने नांतचा वटहुकूम रद्द करून प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. त्यानंतर देशात राहणाऱ्यांना दोनच वाटा उरल्या. मुलांची नावे कॅथलिक पाद्र्याच्या वहीत घालायची, किंवा कायद्याच्या लेखी आपले लग्न आणि आपली मुले नाहीतच असे समजून जगायचे. लाखो ह्यूगनॉट देश सोडून गेले. जे राहिले त्यांना नागरी नोंदीचा हक्क परत मिळाला तो थेट १७८७मध्ये.

या काळात साम्युएल द्यूपाँ नावाचा घड्याळजी पॅरिसमध्ये धंदा करत होता. त्याची बायको आन द माँशानँ ही बर्गंडीतल्या एका पडत्या काळातल्या उमराव घराण्यातली. त्यांचा मुलगा पिएर साम्युएल १४ डिसेंबर १७३९ रोजी जन्मला. आईला वाटे मुलाने शिकावे, बापाला वाटे त्याने दुकानात बसावे. पोरगा सोळा वर्षांचा असताना आई गेली आणि बापलेकांतला ताण वाढला. पुढे १७९२मध्ये लपून राहण्याची वेळ आली असताना पिएरने मुलांसाठी आपल्या तरुणपणाच्या आठवणी लिहून ठेवल्या. त्यांत या भांडणाचा शेवट आहे. आपल्याला कसब येत नाही म्हणून आपण धंदा सोडत नाही, हे बापाला दाखवायला त्याने स्वतःच्या हाताने एक घड्याळ घडवले. ‘मुलगा द्यूपाँ याने रचले, घडवले आणि पित्याला अर्पण केले’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर कोरले, ते बापाच्या हाती दिले आणि घड्याळांचा धंदा कायमचा सोडला.

त्याला ओढ होती अर्थशास्त्राची. शेती हाच संपत्तीचा खरा झरा, तेव्हा व्यापारावरचे अडसर काढा, असे सांगणारा एक गट तेव्हा व्हर्सायमध्ये राजवैद्य फ्रान्स्वा केने याच्याभोवती जमला होता. पिएर त्यात शिरला, आणि १७६७-६८मध्ये त्याने संपादित केलेल्या ग्रंथाच्या नावावरूनच या पंथाला ‘फिजिओक्रॅट’ हे नाव मिळाले. पोलंडच्या राजाने त्याला १७७४मध्ये नोकरीवर बोलावले. तो तिथे पोहोचला न पोहोचला तोच त्याचा मित्र त्युर्गो फ्रान्सचा अर्थमंत्री झाला आणि पिएरला माघारी बोलावणे आले. त्याच सुमारास त्याने नमूरजवळ बुआ-दे-फोसे नावाची शेतीवाडी घेतली. नमूरशी त्याचे नाते जुळले ते या खरेदीमुळे. घराण्याचा त्या गावाशी पूर्वी काही संबंध नव्हता.

त्याला दोन मुलगे होते. थोरला व्हिक्तॉर १७६७चा, धाकटा १७७१चा. धाकट्याचा धर्मपिता त्युर्गो. त्याने नाव सुचवले एल्युतेर इरेने. ग्रीकमध्ये पहिल्याचा अर्थ स्वातंत्र्य आणि दुसऱ्याचा शांती. हा मुलगा पुढे बंदुकीची दारू बनवणार होता.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या शेवटी झालेल्या वाटाघाटींत पिएरने परराष्ट्रमंत्री व्हेर्जेनला मदत केली. त्या कामगिरीबद्दल सोळाव्या लुईने त्याला उमरावपद दिले, आणि घड्याळजीचा मुलगा ढाल-चिन्ह बाळगण्यास पात्र झाला. आडनावात बदल करण्याची गरजच पडली नाही, कारण ‘द्यू’ आणि ‘पाँ’ यांत मोकळी जागा सोडली की ते आपसूकच जहागिरीचे नाव वाटते. खरे तर ‘द’ किंवा ‘द्यू’ असणे हा उमरावपणाचा पुरावा कधीच नव्हता. शेतमजुरांच्या नावातही तो असे. पण वाचणाऱ्याचा समज तसा होई, आणि त्या समजाचा फायदा अनेक खाऊनपिऊन सुखी घराण्यांनी घेतला.

१७८९मध्ये मात्र हा नवा उमराव तिसऱ्या वर्गाचा, म्हणजे सामान्यांचा प्रतिनिधी म्हणून सभेत गेला आणि तिथे द्यूपाँ द नमूर झाला. ऑगस्ट १७९०मध्ये तो सभेचा अध्यक्षही झाला. त्याआधी दोनच महिने, १९ जून १७९० रोजी, याच सभेने वंशपरंपरागत उमरावपद, किताब आणि ढाल-चिन्हे रद्द केली होती, आणि नागरिकाने आपले खरे कौटुंबिक नावच लावावे असे ठरवले होते. पिएरला राजाने दिलेला मान गेला. सभेने दिलेले शेपूट राहिले, आणि ते ऐकायला जहागिरीसारखेच होते.

पुढची वर्षे वाईट आली. १० ऑगस्ट १७९२ रोजी जमावाने त्युलरीच्या राजवाड्यावर चाल केली तेव्हा पिएर आणि इरेने राजाच्या बाजूने उभे होते. त्यानंतर पिएर पॅरिसमधल्या एका विद्यालयाच्या वेधशाळेच्या घुमटात लपला आणि मग गावाकडे पळाला. इरेने ज्याच्या हाताखाली दारू बनवण्याचे शास्त्र शिकला होता तो थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए ८ मे १७९४ रोजी गिलोटिनखाली गेला. पिएरही त्या उन्हाळ्यात लाफोर्स तुरुंगात होता. जुलैच्या अखेरीस दहशतीचा सूत्रधार रोबेस्पिएर पडला म्हणून तो वाचला.

त्यानंतर महिनाभरात, २३ ऑगस्ट १७९४ रोजी, फ्रेंच प्रजासत्ताकाने एक छोटा कायदा केला. जन्मनोंदीतल्या नावाखेरीज दुसरे नाव कोणत्याही नागरिकाने लावू नये, आणि नावाला नवे उपनाव जोडू नये. एकाच कुटुंबातली माणसे ओळखण्यासाठी पूर्वापार वापरात असलेल्या, सरंजामी वास नसलेल्या उपनावांपुरती तेवढी सूट होती. क्रांतीच्या धामधुमीत लोक ब्रूटस आणि ग्राकस अशी रोमन नावे घेत होते. ते थांबवणे हा तात्कालिक हेतू होता, पण परिणाम कायमचा झाला. सहाशे वर्षे बोलाचालीत घडत-मोडत आलेले फ्रेंच आडनाव एका दिवसात गोठले. नोंदी चर्चकडून नगरपालिकेकडे १७९२मध्येच गेल्या होत्या. आता त्या नोंदीला कायद्याची धार आली. हे तत्त्व आजही फ्रान्समध्ये लागू आहे. मुलाला आईचे आडनाव देण्याची मोकळीक २००५पासून आली आणि प्रौढाला आईबापांपैकी कुणाचेही आडनाव सहज घेता येऊ लागले ते २०२२पासून.

द्यूपाँ घराणे तोवर फ्रान्समध्ये थांबले नाही. १७९७च्या उलथापालथीत पिएरचा छापखाना फोडला गेला आणि त्याला पुन्हा तुरुंग दिसला. साठीला टेकलेल्या पिएरने अमेरिकेची वाट धरली. १७९९च्या शरद ऋतूत मुले, सुना, नातवंडे असे सगळे कुटुंब ‘अमेरिकन ईगल’ नावाच्या जहाजावर चढले. प्रवास तीन महिन्यांहून लांबला, अन्न संपत आले, आणि १ जानेवारी १८०० रोजी जहाज ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्ट बंदराला लागले. इरेनेच्या पासपोर्टवर व्यवसाय लिहिला होता वनस्पतिशास्त्रज्ञ.

पिएरच्या डोक्यात व्हर्जिनियात फिजिओक्रॅट विचारांची आदर्श वसाहत वसवण्याचे होते. तिचे नावही ठरले होते पाँतियानिया, म्हणजे आडनावातून काढलेले. जमिनीचे भाव भलतेच चढले आहेत, सध्या थांबा, असा सल्ला त्याचा मित्र टॉमस जेफर्सनने दिला आणि पाँतियानिया कागदावरच राहिले. वाट सापडली ती धाकट्याला. एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याबरोबर शिकारीला गेला असता त्याच्या ध्यानात आले की अमेरिकन दारू महाग आहे आणि निकृष्टही. लाव्हाझिएकडे शिकलेली विद्या इथे कामी येणार होती. १८०२मध्ये डेलावेअर राज्यात विल्मिंग्टनजवळ ब्रँडीवाइन नदीकाठची ९५ एकर जागा ६,७४० डॉलरना घेतली गेली. कंपनीचे नाव पडले ‘ई. आय. द्यूपाँ द नमूर अँड कंपनी’.

या कारखान्याच्या इमारती पाहिल्या की धंद्याचे स्वरूप कळते. प्रत्येक गिरणीला तीन बाजूंनी जाडजूड दगडी भिंती आणि नदीकडची चौथी बाजू मुद्दाम कच्ची. छप्पर हलके, तेही नदीकडे उतरते. स्फोट होणारच हे गृहीत धरलेले, फक्त तो शेजारच्या गिरणीकडे न जाता पाण्यावर निघून जावा एवढी व्यवस्था. ती दर वेळी पुरली नाही. १९ मार्च १८१८च्या स्फोटात तीसहून अधिक माणसे मेली आणि इरेनेची बायकोही जखमी झाली, कारण मालकाचे घर गिरण्यांच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर होते.

पिएरने हा स्फोट पाहिला नाही. तो १८०२मध्ये फ्रान्सला परतला, लुइझियाना अमेरिकेला विकण्याच्या व्यवहारात जेफर्सन आणि पॅरिस यांच्यामधला अनौपचारिक दुवा झाला, आणि १८१४मध्ये नेपोलियनला हटवणाऱ्या हंगामी सरकारचा सचिव. पुढच्या वर्षी नेपोलियन एल्बाच्या हद्दपारीतून परतल्यावर त्याला पुन्हा अमेरिका गाठावी लागली. १८१७च्या जुलैत कारखान्यात आग लागली तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा विझवणाऱ्यांत उभा राहिला, आजारी पडला आणि ७ ऑगस्टला गेला. त्याने स्वतः काढलेली व्यापारी पेढी तोवर बुडाली होती. नाव टिकवले ते मुलाच्या दारूने.

अमेरिकेत या नावाला कोणत्याही जन्मनोंदीचा धाक नव्हता. कुटुंबातले बहुतेक जण ‘द्यू’ लहान अक्षराने लिहीत. व्हिक्तॉरचा मुलगा सॅम्युएल फ्रान्सिस मात्र मोठे अक्षर वापरी. हा यादवी युद्धातला नौसेनापती. वॉशिंग्टनमधला ‘ड्यूपाँट सर्कल’ हा चौक त्याच्याच नावाचा. कंपनीने पुढे दोन्ही शब्द जोडून टाकले. उच्चारही बदलला. फ्रेंचमध्ये कधीच न उच्चारलेला शेवटचा ‘त’ अमेरिकनांनी ठसक्यात ‘ट’ करून उच्चारला आणि द्यूपाँचे ड्यूपाँट झाले. घराण्याने नाव राखले ते आणखी एका उपायाने. नौसेनापतीने लग्न केले ते इरेनेच्या मुलीशी, म्हणजे सख्ख्या चुलत बहिणीशी. आपल्याकडे ऐकणारा दचकेल, पण ब्रँडीवाइनकाठी अशी लग्ने अनेक झाली. मालमत्ता घरात राहिली आणि सासरी गेल्यावरही मुलींचे आडनाव बदलले नाही.

१९०२मध्ये कोलमन, आल्फ्रेड आणि पिएर या तीन चुलतभावांनी कंपनी विकत घेतली आणि तिचा अवाढव्य विस्तार केला. पहिल्या महायुद्धात मित्रराष्ट्रांना लागलेल्या स्फोटकांचा मोठा वाटा इथूनच गेला. पण भावांतले सख्य टिकले नाही. पिएरने कोलमनचे भाग परस्पर घेतल्यावर १९१५मध्ये आल्फ्रेडने त्याला कोर्टात खेचले. आल्फ्रेडने विल्मिंग्टनमध्ये बांधलेल्या प्रासादाचे नाव ‘नमूर’. त्याच्या आवारभिंतीवर काचा लावल्या त्या मुख्यतः द्यूपाँ मंडळींना बाहेर ठेवायला, असे सांगतात. त्याच्या इस्टेटीतून निघालेली मुलांची इस्पितळे आजही नमूर नावाने चालतात, पण इंग्रजी उच्चाराने ती ‘नेमोर्स’ झाली आहेत.

१९३४मध्ये अमेरिकन सिनेटच्या चौकशीने युद्धाच्या नफ्यावर बोट ठेवले. ‘मृत्यूचे व्यापारी’ हा शिक्का बसला. त्याला उतारा प्रयोगशाळेतून आला. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी वॉलेस कॅरोथर्सच्या गटाने नायलॉन ६,६ हे बहुवारिक बनवले, आणि १५ मे १९४०ला नायलॉनचे मोजे देशभर विक्रीला आले तेव्हा दुकानांपुढे झुंबड उडाली. दारूच्या पिंपांवरचे नाव आता बायकांच्या मोज्यांच्या संदर्भात घेतले जाऊ लागले.

हेच नायलॉन ६,६ हे नाव गोव्यात घेऊन आले. थापर समूहाबरोबरच्या भागीदारीतून फोंडा तालुक्यातल्या केरीच्या पठारावर कारखाना काढायचा बेत होता. पाणी, सांडपाणी आणि घातक रसायने यांच्या भीतीने गावकरी उठले. जानेवारी १९९५मध्ये आंदोलन शिगेला पोहोचले, पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण मारला गेला, आणि अखेर प्रकल्प गोव्यातून उचलून तामिळनाडूत न्यावा लागला. केरीच्या माणसांसाठी ड्यूपाँट हे घराणे कधीच नव्हते. ती एक कंपनी होती, तिला प्रश्न विचारायचे होते आणि उत्तर हवे होते. खुद्द अमेरिकेतही तोवर चित्र तेच होते. घराण्यातला माणूस कंपनीचा अध्यक्ष असण्याचा काळ १९६०च्या दशकातच संपला होता.

२०१७मध्ये ड्यूपाँट आणि डाऊ या रसायन कंपन्यांचे विलीनीकरण झाले, आणि २०१९मध्ये त्या एकत्रित कंपनीचे तीन तुकडे झाले. वाटणीत नावाची गंमत झाली. इरेनेने काढलेली मूळ कंपनी शेतीव्यवसायातल्या कोर्टेव्हाकडे गेली आणि तिचे नाव आता नुसती आद्याक्षरे आहेत, ‘ईआयडीपी’. आणि ज्या विलीन कंपनीचा जन्म २०१७चा, तिने नाव घेतले ‘ड्यूपाँट द नमूर’. वंश एकीकडे, आडनाव दुसरीकडे.

 फ्रान्सच्या कायद्याने आडनाव माणसाला बांधले, आणि त्यातून शिस्त आली तशी ताठरताही. अमेरिकन बाजाराने ते माणसापासून सोडवून विकण्याजोगे केले. पण दोन्ही देशांत एक गोष्ट सारखीच दिसते. या नावाचा कोणताही महत्त्वाचा टप्पा घराण्याने एकट्याने ठरवलेला नाही. पूल शेजाऱ्यांना दिसत होता म्हणून ते द्यूपाँ झाले. पाद्र्याने लिहिले म्हणून ते पक्के झाले. सभेत दुसरा द्यूपाँ निघाला म्हणून नमूर जोडले गेले. साठेक वर्षांनी, १८४८च्या क्रांतीनंतर, हंगामी सरकारचा प्रमुख झालेला आणखी एक असंबंधित द्यूपाँही आपल्या जिल्ह्यावरून ‘द्यूपाँ द लर’ म्हणूनच ओळखला जात होता. आडनावात आपण पूर्वजांचा मोठेपणा शोधतो. त्यात जास्त करून सापडते ती, इतरांना आपल्याला हाक कशी मारायची होती, याची नोंद.